पान सत्तेचाळीस, ओळ बारा

समस्त आप्तेष्ट, शेजारीपाजारी आणि ज्यांचा या प्रकरणाशी काडीचाही संबंध नाही अशा सर्वांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येत आहे की, आमच्या घराण्याच्या छापील कुलवृत्तांतानुसार माझ्या थोरल्या काकूचं लग्न ती पाच वर्षांची असताना झालं आणि आठव्या वर्षी तिला मुलगा झाला. मुलगा सुदृढ होता. बाळ-बाळंतीण सुखरूप होती. ही माहिती पान सत्तेचाळीस, ओळ बारा इथे नोंदलेली आहे. घराण्यातल्या तीन पदवीधर पुरुषांनी तिची प्रुफं तपासली होती आणि तिघांनाही त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

वाटलं ते मला. मी तेव्हा अठरा वर्षांची होते. मॅट्रिक होऊन कोकणातून गिरगावात काकांकडे राहायला आले होते. सकाळी टायपिंगच्या क्लासला जायचे आणि दुपारी काकांची बिनपगारी कारकून व्हायचे. या हकिगतीत मी कुणाचंच नाव लिहिणार नाही, कारण नावांच्या बाबतीत आमच्या घराण्याचा अनुभव फारसा चांगला नाही.

काका नुकतेच कचेरीतून निवृत्त झाले होते. निवृत्त माणसाला काहीतरी लागतं. काकांना दोन गोष्टी लागल्या: संयुक्त महाराष्ट्र आणि कुलवृत्तांत. सकाळी ते मोर्च्यात घसा बसवून यायचे आणि दुपारी बसलेल्या घशाने मला मजकूर सांगायचे. कुलवृत्तांत म्हणजे घराण्यातला प्रत्येक पुरुष कुठे जन्मला, काय शिकला, कुठल्या कचेरीत चिकटला आणि त्याला मुलगे किती, याचं जाडजूड पुस्तक. बायका त्यात असतात, पण कंसात.

अशात अमेरिकेहून दादाचं जाड पाकीट आलं. दादा म्हणजे काकांचा थोरला मुलगा. पाटबंधाऱ्याचं शिकायला सरकारने त्याला दोन वर्षं यूटा नावाच्या राज्यात पाठवलं होतं आणि तिथे तो एका प्रौढ बाईंच्या घरी भाड्याने राहत होता. त्या भागात मॉर्मन पंथाची वस्ती. दादाने लिहिलं होतं की शंभर वर्षांपूर्वी या लोकांपैकी कित्येक जण हातगाड्या ओढत, बर्फ तुडवत तिथे जाऊन राहिले, आणि त्यांच्यात एक रीत आहे. वय झालं की आपली जीवनकथा आपण लिहून ठेवायची. बाईमाणसानेसुद्धा. मग नातवंडं ती टाइप करतात, आणि सगळं गोत जमलं की जेवणं झाल्यावर ती मोठ्याने वाचतात. नमुना म्हणून घरमालकीणबाईंच्या आजीच्या जीवनकथेची चौदा पानी प्रत त्याने सोबत पाठवली होती.

काका हर्षाने खुर्चीतून अर्धे उठले.

"बघ! अमेरिकेतसुद्धा कुलवृत्तांत! आणि आपले लोक साधी माहिती पाठवायला सहा-सहा महिने लावतात. वाच, सगळ्यांसमोर वाच."

सगळ्यांसमोर म्हणजे काका, काकू, आणि डाळ निवडायचं सूप घेऊन सहज म्हणून आलेल्या शेजारच्या वहिनी. मी इंग्रजी वाक्य मनात वाचायचे आणि मराठीत सांगायचे. आजीबाई इंग्लंडातल्या कुठल्याशा ओलसर खेड्यात जन्मल्या. बोटीत त्यांना ओकाऱ्या झाल्या. पुढे हातगाडी, बर्फ, पायाची दोन बोटं गेली. वहिनींनी डाळ निवडणं थांबवलं. काकांनी चष्मा पुसला.

"याला म्हणतात मूळपुरुष," ते म्हणाले.

"बाई आहे ती," काकू म्हणाली.

पाचव्या पानावर मी अडखळले.

"काय झालं?" काका.

"काही नाही. लग्न झालं त्यांचं. त्या लिहितात, 'घरात माझ्याआधी दोघी होत्या.'"

"दोघी कोण? नणंदा?"

"बायका."

"कुणाच्या?"

"त्याच नवऱ्याच्या."

वहिनींच्या सुपातली डाळ फरशीवर सांडली आणि ती भरायला कुणी वाकलं नाही. काका म्हणाले, "तुझं भाषांतर चुकलंय. सावकाश वाच." मी सावकाश वाचलं. सावकाश वाचल्याने बायका कमी झाल्या नाहीत. तिघींत मिळून लोखंडी चूल एक, प्रत्येकीच्या पाळीचे दोन-दोन दिवस, आणि रविवारी चूल बंद म्हणून नवरोबा उरलंसुरलं गार खायचे.

"अरे देवा," वहिनी म्हणाल्या, पण हे त्यांनी पुढे सरकून बसत म्हटलं.

"पुरे!" काका ओरडले. "मिटव ते. वयात आलेल्या मुलीने काय वाचावं याला काही..."

"वाच गं तू," काकू म्हणाली. "चुलीचं पुढे काय झालं?"

काकूचा आवाज इतका वेगळा लागला की मी वाचलंच. पुढे एका गोधडीवरून तिघींचं भांडण झालं होतं. दादाने समासात पेन्सिलीने लिहिलं होतं: तिघींनी आपापली जीवनकथा वेगवेगळी लिहिली आहे, आणि तिन्हींत गोधडी वेगवेगळ्या बाईने शिवलेली आहे.

"तिघींनी?" काकूने विचारलं. "वेगवेगळी?" थोड्या वेळाने पुन्हा विचारलं. "म्हणजे तीन वह्या?"

"आपल्यात असला प्रकार नाही, देवाची कृपा," काका म्हणाले.

काकूने पदराखाली हात घातला आणि मंगळसूत्राबरोबर ओवलेला चांदीचा छोटा टाक बाहेर काढला. दुसरेपणावर दिलेल्या बाईला मेलेल्या सवतीच्या नावाचा टाक गळ्यात घालावा लागायचा, तो हा. "तिची सवत निदान चुलीपाशी बसायची," ती म्हणाली. "मी तर गळ्यात घालून हिंडते."

हे मला माहीत होतं, पण कुणी बोललेलं मी कधी ऐकलं नव्हतं. काकांची पहिली बायको, म्हणजे दादाची सख्खी आई, दादा तीन वर्षांचा असताना गेली. पाच वर्षांनी ही काकू आली. दादा तेव्हा आठ वर्षांचा होता आणि नवी आई सोळाची. पहिले काही महिने दोघं सागरगोटे खेळायची आणि ती हरली की रुसायची. लग्नात नव्या सुनेचं नाव तांदळात लिहायची वेळ आली तेव्हा सासूबाईंनी पहिल्या सुनेचंच नाव लिहायला सांगितलं. "भांड्यांवर घातलेलं आहे," त्या म्हणाल्या. "पुन्हा कशाला?" घरातल्या प्रत्येक पातेल्यावर, ताटावर, तांब्यावर पहिलीचं नाव कोरलेलं होतं. सूनच भांड्यांना जुळवून घेतली. काका तर तिला 'अगं' म्हणायचे, त्यांचं काही अडलंच नाही.

पत्राच्या शेवटी दादाचा मजकूर होता. तो मी जसाच्या तसा वाचला, कारण तो मराठीत होता.

'बाबा, बाईंनी मला विचारलं, तुझ्या आईचं काय लिहिलेलं आहे? मी म्हटलं, काही नाही. मला फक्त एक हिरवा काठ आठवतो. तो खरा, की मागाहून कुणी सांगितलेला, तेही कळत नाही. आपल्या पुस्तकात तिच्याबद्दल दोन ओळी घाला. इथे सगळे जमतील तेव्हा मला त्या वाचून दाखवायच्या आहेत. आईलाही विचारा, तिची हरकत नसेल तर.'

पत्रातली शेवटची 'आई' म्हणजे आमची काकू. काकू म्हणाली, "हरकत? वेडा आहे का तो?" आणि उठून आत गेली.

आठवड्याने छापखान्यातून फर्मे, म्हणजे पुस्तकाचे छापील ताव, आले आणि पान सत्तेचाळीसवर मला ती आठ वर्षांची आई भेटली. मी तीनदा वजाबाकी केली. शेवटी बोटांवर केली.

"काका, काकूला आठव्या वर्षी मुलगा झालाय."

"आठव्या महिन्यात म्हणायचंय का तुला?"

"आठव्या वर्षी. पाचव्या वर्षी लग्न."

"पाचव्या वर्षी लग्नं व्हायची पूर्वी," काका म्हणाले, मग चष्मा काढून पान नाकाशी नेलं. झालं होतं ते असं. लग्नाची तारीख आणि माहेर त्यांनी जपून ठेवलेल्या एका जुन्या लग्नपत्रिकेवरून उतरवलं होतं. ती पहिल्या लग्नाची होती. जन्मतारीख मात्र त्यांनी टेबलापासून स्वयंपाकघराच्या दिशेने ओरडून विचारली होती, आणि काकूने वाटण वाटता वाटता आतून ओरडून सांगितली होती. नाव दोघींचं एकच. कुलवृत्तांतात दोन बायकांची मिळून एक झाली होती, आणि ती अजून जिवंत होती. जी मेली ती जन्मलीच नव्हती.

स्वतःच्या बायका माणूस विसरू शकतो, आणि तेही सुवाच्य अक्षरात!

"फर्मा छापून झालाय," काका हळूच म्हणाले. "नाव एकच आहे. वाचणाऱ्याला काय कळणार?"

"दादाला कळेल," मी म्हटलं.

"ओरडू नकोस."

पण काकू दारात उभी होती. हाताला पीठ होतं. तिने सगळं ऐकलं होतं, आणि ती ओरडली नाही. काका घाबरले ते त्यामुळेच असावेत.

"दोन भाषांची माणसं एका राज्यात, एका नावाखाली कोंबली म्हणून तुम्ही चौकाचौकात घसा बसवून येता ना?" ती म्हणाली. "द्वैभाषिक नको, द्वैभाषिक मोडा. मग घरात काय केलंत?"

"अगं, तो राजकीय प्रश्न आहे."

"हाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी काका मोर्च्याहून परतले तेव्हा त्यांच्या टेबलासमोर पितळेची आणि तांब्याची भांडी छातीइतक्या उंचीची रचलेली होती. वर झारा ठेवला होता, कळसासारखा.

"हे काय?"

"तिची भांडी. नाव आहे त्यांच्यावर. तुमच्या पुस्तकात ती नाहीच, तर तिची भांडी माझ्या घरात आली कुठून? मी नाही परक्या बाईच्या भांड्यांना हात लावणार."

घरात बिननावाचं एकच भांडं होतं, एक अ‍ॅल्युमिनियमचं पातेलं. इतकं हलकं की त्यावर नाव घालावं असं कुणाला वाटलं नव्हतं. त्यात त्या दिवशी खिचडी झाली. ताटंही तिचीच, म्हणून पत्रावळी मांडल्या. दुसऱ्या दिवशी खिचडी. तिसऱ्या दिवशी, बदल म्हणून, जरा पातळ खिचडी. काका आमसुलाच्या आमटीवर वाढलेला माणूस. ते पत्रावळीकडे असे बघायचे जसं सरकार मोर्च्याकडे बघतं: हा जाईल आपोआप. चौथ्या दिवशी वहिनींनी गॅलरीतून आवाज दिला, "काय हो, रोज पत्रावळींचा गठ्ठा जातो खाली! मंगलकार्य आहे का घरात?"

"हो," काकू म्हणाली. "बारसं आहे. तारीख ठरायचीय."

त्या दिवसांत काकू दुपारी माझ्याकडून टायपिंगचे कागद मागून घ्यायची आणि कोऱ्या बाजूवर लिहीत बसायची. तिचं अक्षर शाळेत सोडलं होतं तिथेच थांबलेलं होतं, मोठं आणि गोल. काय लिहितेस, विचारलं की हाताने झाकायची. मला वाटलं, अमेरिकेतल्या आजीबाईंनी हिलाही नाद लावला, ही स्वतःची जीवनकथा लिहितेय. सहाव्या दिवशी तिने कागद माझ्यापुढे टाकले. "शुद्ध करून लिही. दादाला पाठवायचंय."

मी पहिली ओळ वाचली आणि परत वर पाहिलं. ती सवतीची जीवनकथा होती.

खाडीपलीकडच्या गावी ती जन्मली. पालीला भ्यायची, सापाला नाही. मुंबईत पहिल्यांदा ट्राम थांबलेली पाहिली तेव्हा तिने पायरीला हात लावून नमस्कार केला आणि मागची माणसं खोळंबली. आमटीत गूळ आधी घालायची, मीठ नंतर. धान्य पाखडताना गुणगुणायची, पण कुणी आलं की थांबायची. मुलगा झाल्यावर त्याला तेल लावून उन्हात ठेवायची आणि सावली सरकली की पाट सरकवायची, स्वतः उन्हातच बसायची. पाच पानं होती. शेवटी लिहिलं होतं: 'हिरवा काठ खरा आहे.' आणि टाचणीने बोटभर लांबीचा लुगड्याचा काठ टोचलेला होता. ट्रंकेच्या तळातून तिने तो कापून आणला होता.

मी कागद काकांना दिले. त्यांच्यापुढे खिचडी निवत होती. ते वाचत गेले आणि त्यांचा चेहरा एखाद्याला त्याच्याच घरात नवीन खोली सापडावी तसा होत गेला.

"हे तुला कुणी सांगितलं?"

"तुमच्या आईने."

"कधी?"

"रोज. 'ती गूळ आधी घालायची.' 'ती अशी दारात उभी राहायची नाही.' 'ती मुलाला सावलीत ठेवायची नाही, तुझं लक्ष कुठंय?' त्या होत्या तोवर एक दिवस खंड नाही. मी सगळं लक्षात ठेवलं. उलटं करून लिहिलं, एवढंच."

"पण ट्रामचं तर मलाही माहीत नव्हतं!"

"तुम्हाला कुणी टोमणे मारले नाहीत ना."

काका तसेच उठले. हात धुतले, टोपी घातली. "छापखान्यात जाऊन येतो."

"मीपण येते," काकू म्हणाली. "एकीच्या दोघी करायला जाल आणि तिघी करून याल."

अशी आमची वरात निघाली. पुढे काका, मागे काकू, तिच्या मागे प्रुफं घेऊन मी. छापखाना मागच्या गल्लीत होता. आत पाय ठेवायला जागा नव्हती. मोर्च्याची पत्रकं ओली होती म्हणून दोऱ्यांवर वाळत घातली होती, आणि 'झालाच पाहिजे' 'झालाच पाहिजे' असं डोक्यावर ओळीने लोंबत होतं. मालक वेंगुर्ल्याकडचे, स्वतःच अक्षरांचे खिळे जुळवायचे.

"काकानू, फर्मो छापून झालो," ते म्हणाले. "आता काय करतलंय?"

"पान फाडा," काकू म्हणाली.

"पान फाडलात तर घराणाच फाटतला, वयनीनू." त्यांनी डोकं खाजवलं. "शुद्धिपत्र तेवढा रवला हा. त्यात जागा हा, पण दोनच ओळींची. काय ता एकदाच सांगा, मी जुळवतंय."

"दोन पुरेत," काकू म्हणाली. "दोघी आहोत."

काका खांबाला टेकून उभे राहिले. मजकूर सांगायची त्यांची कचेरीतली सवय होती, डोळे मिटून सांगायचे. "पान सत्तेचाळीस, ओळ बारा. छापले आहे त्याऐवजी पुढीलप्रमाणे वाचावे." खिळे टकटक पडू लागले. "प्रथम पत्नी." आणि मग त्यांनी तिचं माहेरचं नाव सांगितलं. लग्नाआधीचं, तिच्या आईबापांनी ठेवलेलं. वडिलांचं नाव, आडनाव, गाव, तालुका, एका दमात, न अडखळता. नाव उच्चारताना त्यांचा बसलेला घसा एकदम मोकळा झाला होता.

काकूने पदर डोळ्यांना लावला. "बरोबर," ती म्हणाली. "तेच लिहा." सहा दिवसांत पहिल्यांदा ती हसली.

"पहिली ओळ झाली," मालक म्हणाले. "दुसरी?"

"द्वितीय पत्नी," काका म्हणाले. "माहेरचे नाव..."

खिळे थांबले.

काकांनी डोळे उघडले. वर दोऱ्यांवरच्या पत्रकांकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं, मदत मागावी तसं, पण मलाही माहीत नव्हतं. दोन वर्षं मी तिच्या हातचं जेवत होते. तिची पाच पानं मी शुद्ध करून लिहिली होती, आणि त्यांत पालीपासून ट्रामपर्यंत सगळं होतं, पण लिहिणारीचं नाव कुठेच नव्हतं. मला वाटत होतं की या घरातून एकच बाई पुसली गेली आहे.

मालक हातात रिकामी जागा असलेली पट्टी धरून उभे होते. पलीकडे पायाने चालवायचं यंत्र हाकणाऱ्याने पाय थांबवला. काकू पदर खाली घेऊन नवऱ्याकडे बघत होती. ती सांगणार नव्हती. बावीस वर्षं थांबलेली बाई आणखी मिनिटभर थांबणार होती.

काकांचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा. आणि मग भर छापखान्यात, सगळ्यांच्या देखत, चौकात घोषणा देतात त्या आवाजात त्यांच्या तोंडून निघून गेलं:

"अगं, पण तुझं नाव काय?"